चौसष्ट घरांची मोजणी

बुद्धिबळ खेळताना माणसं गप्प बसतात, घाम पुसतात, काही जण पाय हलवत राहतात. समोरच्याची संमती घेऊन खेळणारा माणूस मात्र मी एकच पाहिला. डाव रंगात आला की ते चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे, "हे मधलं घर बघा. इथे बसलेल्याला तुमचं एकही प्यादं आता कधी हुसकू शकत नाही. मान्य आहे?" समोरचा भाबडेपणाने पट न्याहाळायचा आणि मान डोलवायचा. "मग घोडा बसवतो," म्हणून ते घोडा त्या घरात बसवत, आणि तो मग तिथून हलत नसे. तासाभरात समोरच्याचा श्वास कोंडलेला असायचा, पण तक्रार करायला तोंड नसायचं, कारण मान्यता त्यानेच दिलेली असायची.

ते मोजणी खात्यातून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी चांदवड, निफाड भागात लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेलेली. आम्ही त्यांना मोजणीकाका म्हणायचो. खरं नाव कॉलनीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसावं. मी तेव्हा नाशिक रोडला त्याच कॉलनीत राहत होते आणि तळमजल्यावर माझा दातांचा दवाखाना होता. फाटकाजवळ एक जुनी पंपाची खोली होती. बोअर आटला, पंप विकला गेला, खोली तेवढी राहिली. तिच्यात रोज संध्याकाळी सहा वाजता आमचा बुद्धिबळ क्लब भरायचा. क्लब म्हणजे तीन पट, एक घड्याळ आणि येतील तेवढी माणसं.

दिवसभर लोकांचे दात उपटून आलेल्या बाईला पटावर मोहरा दिसला की तो उपटावासा वाटणारच. पहिल्याच डावात मी मोठ्या झोकात घोड्याने त्यांचा उंट मारला. त्यांनी कडेच्या प्याद्याने माझा घोडा मारला. ते प्यादं बाजूला सरकल्याबरोबर त्याच्यामागे इतका वेळ झोपलेल्या त्यांच्या हत्तीला थेट माझ्या राजाच्या दारापर्यंत रस्ता मोकळा झाला. काका त्या हत्तीकडे पाहून हळहळले, माझ्या वतीने.

"डॉक्टरीणबाई, ही वहिवाट तुम्हीच काढून दिलीत. मी मागितली असती तर दिली असतीत का?"

त्यांचं म्हणणं असं, की घोडे, हत्ती, वजीर पाहून लोक फसतात आणि या खेळाला लढाई समजतात. प्रत्यक्षात तो जमिनीचा तंटा आहे. कुणाची किती घरं, कुठे कुणाचा बांध, कुठून कुणाला जायला रस्ता, एवढं कळलं की बाकीचं आपोआप होतं. मोकळ्या उभ्या पट्टीला ते वहिवाट म्हणत. प्याद्यांची रांग म्हणजे बांध. आपल्याच प्याद्यांनी कोंडलेला उंट म्हणजे आपल्याच शेतात जायला रस्ता नसलेला खातेदार. आणि प्यादं पुढे ढकलायला कुणी बोट लावलं, की त्यांचा जीव खालीवर व्हायचा. बाकीचे मोहरे चुकले तर माघारी येतात, प्यादं येत नाही, तेव्हा खरेदीखतावर सही करताना माणूस जेवढा विचार करतो तेवढा इथे करा, असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. एकदा एका होतकरू खेळाडूने सलग तीन प्यादी पुढे दामटली, तेव्हा काका उठून बाहेर गेले आणि नळावर तोंड धुऊन आले.

आमच्यात एक क्लासवाले सर होते. बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवायचे. त्यांनी मोबाइलवर बघून डावाच्या सुरुवाती पाठ केल्या होत्या, वीस-वीस खेळ्यांपर्यंत. एकविसाव्या खेळीला त्यांचा चेहरा परीक्षेत अभ्यासाबाहेरचा प्रश्न आल्यासारखा व्हायचा. काकांनी त्यांना सांगितलं होतं, की सर, तुम्ही लग्नपत्रिका तोंडपाठ केलीत, पण पुढे संसार करायचा असतो. सरांना वीस खेळ्यांनंतर करण्यासाठी काकांनी एकच काम दिलं. आपल्या मोहऱ्यांकडे पंगतीला बसलेल्या पाहुण्यांसारखं बघायचं. कुणाच्या पानात अजून काहीच पडलेलं नाही? त्याच्याकडे आधी जायचं. हल्ला, शह, मात, सगळं नंतर. सर त्यानंतर खेळताना पुटपुटायचे, "हत्ती उपाशी, हत्ती उपाशी." ऐकणाऱ्याला वेगळाच संशय यायचा, पण सरांचा खेळ सुधारला हे खोटं नाही. माझाही सुधारला. मी मारण्याआधी थांबायला शिकले, आणि माझ्या नवऱ्याचं म्हणणं असं की घरातही थोडा फरक पडला होता.

काकांची आणखी एक खोड होती. आपली खेळी करण्याआधी ते उठून समोरच्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहत. मोजणी दोन्ही बाजूंच्या शेतकऱ्यांसमक्ष करायची असते, एकाच बाजूने पाहिलं तर शेजाऱ्याचा बांध नेहमी आपल्यात घुसल्यासारखा दिसतो, असं त्यांचं स्पष्टीकरण. मानेवर कुणीतरी श्वास घेतंय या कल्पनेने समोरचा अर्धा तिथेच हरायचा. एक डोळा मिटून, पटाच्या कडेला हनुवटी टेकवून, घरांच्या रांगा सरळ आहेत का हेही ते बघायचे. पटाची घरं छापील होती, ती वाकडी होण्याचा काही संभव नव्हता, पण ते बघायचे.

ही नजर पटापुरती राहिली असती तरी चाललं असतं. कॉलनीतल्या स्कूटर रोज सकाळी त्यांच्याकडून पुन्हा लावल्या जात, कुणाची कुणाला अडू नये म्हणून. मिसळ खायला गेलो तर रिकाम्या हॉटेलात पंख्याखालची टेबलं सोडून ते भटारखान्याच्या दाराशेजारी, धुरात बसायचे. आम्ही कुरकुर करायचो. पण रश्श्याचं भांडं घेऊन निघालेला पोऱ्या कुठेही जायचा असला तरी आमच्यावरूनच जायचा. आम्हाला रस्सा कधी मागावा लागला नाही, हे मला मान्य करावं लागेल.

फक्त एक गोष्ट त्यांना जमत नसे, किंवा ते जमवून घेत नसत. डाव संपवणं. साडेसात वाजले की ते उठायचे. पट त्यांच्या बाजूने इतका झुकलेला असायचा की आम्ही कुणीही तो जिंकला असता, आणि हे हात झटकून म्हणायचे, "चला, मोजणी झाली." आणि मात? "मोजणी आमच्याकडे. ताबा देणं तहसीलदाराचं काम." असे जिंकत आलेले कितीतरी डाव ते मोकळे सोडून गेले. मला हळूहळू शंका येऊ लागली, की या माणसाला मात करायची हौस नाही आणि आपल्याला मात होऊ शकते हेही त्याच्या गावी नाही. स्वतःचा राजा ते कोपऱ्यात ठेवून विसरून जायचे.

निफाडच्या सामन्यात हे चव्हाट्यावर आलं. तिकडच्या क्लबातली मंडळी द्राक्षबागाईतदार. त्यांचं खेळणं सरळ होतं, राजा कुठे आहे ते बघायचं आणि तिकडे पळत सुटायचं. आमच्या बाजूने काका, सर आणि मी. महिनाभर काकांनी आमच्याकडून जमीन, बांध आणि वहिवाटी घोटून घेतल्या होत्या. आम्ही तिघंही हरलो, आणि तेही चहा यायच्या आत. मी मान खाली घालून बसले होते, तर काका स्वतःचा हरलेला डाव सोडून माझ्या पटापाशी आले, वाकून बघू लागले आणि त्यांचा चेहरा उजळला. परतीच्या वाटेवर सरांच्या गाडीत ते आनंदाने बोलत होते, की मात झाली तेव्हासुद्धा डॉक्टरीणबाईंचा घोडा कसा बसला होता, त्याला उठवायची त्या माणसाची शेवटपर्यंत छाती झाली नाही. सर रागाने गाडी चालवत होते. राजा मेल्यावर घोडा कुठे बसला होता याला कोण विचारतं, असं ते शेवटी म्हणाले. काका म्हणाले की विचारायला हवं.

त्याच वर्षी सोसायटीत नवे चेअरमन आले. माणूस वाईट नव्हता. हुशार, टापटिपीचा, नियमावर बोट ठेवून चालणारा आणि दिलेला शब्द पाळण्याचा अभिमान असलेला. कॉलनीत गाड्या वाढल्या होत्या, संध्याकाळी रोज भांडणं व्हायची. पंपाची खोली पाडली तर दोन गाड्यांची सोय होते, हे त्यांनी पहिल्या आठवड्यातच बघून ठेवलं आणि तसा ठराव पुढच्या सभेत मांडणार असल्याची सूचना फलकावर लावली.

आम्ही पेटलो. सर महापालिकेत अर्ज द्यायला निघाले, मी सह्या गोळा करायचं ठरवलं. काका मात्र सूचनेसमोर उभे होते. बायको जाऊन चार वर्षं झालेली, मुलगा बंगळुरूला, दर रविवारी फोन. मी त्यांना म्हणाले, काका, तुम्ही काहीच बोलत नाही. ते फलकावरची नजर न काढता म्हणाले, "खोली गेली तर मी सहा वाजता कुठे जाऊ?"

एवढं साधं विचारलं त्यांनी. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीसारखे आले आणि आम्हाला बजावलं की अर्ज नको, सह्या नकोत, अजून कुणी शह द्यायचा नाही. त्यांनी काय केलं म्हणाल तर एक बाक आणला. घरी पडून असलेला लाकडी बाक, खोलीच्या भिंतीला लावला. भाजी घेऊन येणाऱ्या बायका त्यावर टेकू लागल्या. मग त्यांनी वॉचमनला सांगितलं, की तू जेवायला गेलास की पार्सलवाल्यांची पंचाईत होते, पार्सलं इकडे ठेवू दे. हल्ली माणूस मीठसुद्धा मोबाइलवरून मागवतो, तेव्हा पंधरा दिवसांत कॉलनीतलं प्रत्येक घर दिवसातून एकदा आमच्या दारात येऊ लागलं. सर चिडले. घरावर नांगर फिरायची वेळ आली आणि तुम्ही पोस्ट ऑफिस उघडून बसलात, म्हणाले. काकांनी शांतपणे कुणाचं तरी कुकरचं खोकं फळीवर सरकवलं.

अशाच एका पार्सलासाठी एक दिवस चेअरमनचे वडील खाली उतरले. चांदवडकडचे कांद्याचे व्यापारी. उभा जन्म लिलावात बोली लावण्यात गेलेला, बायको गेल्यावर मुलाने नाशिकला आणलेले, आणि तिसऱ्या मजल्यावर टीव्हीसमोर बसवलेले. आम्ही त्यांना आप्पा म्हणू लागलो. पार्सल बगलेत धरून ते पटाकडे बघत उभे राहिले. काकांनी खुर्ची पुढे केली. आप्पा बसले आणि मग रोज पाचलाच येऊन डाव मांडायची वाट बघू लागले.

आप्पा खेळायचे कसे, तर जे दिसेल ते मारायचे. प्यादं दिसलं मार, घोडा दिसला मार, बदल्यात वजीर गेला तरी मार. मी त्यांच्यापुढे साध्वी ठरले असते. काका म्हणायचे, जरा बघा, विचार करा. आप्पांचं उत्तर ठरलेलं, "लिलावात इचार करत बसला त्याचा ट्रॅक्टर दुसराच घेऊन जातो." आणि हरायचे. रोज हरायचे, म्हणजे काका साडेसातला मोजणी संपवून उठायचे तेव्हा आप्पांकडे राजा आणि दोन-चार प्यादी उरलेली असायची. एकदा तरी या मोजणीवाल्याला मात देणार आणि ती पोराला बोलावून दाखवणार, असं त्यांनी आम्हा सगळ्यांदेखत जाहीर केलं होतं. पोराला वाटतं म्हाताऱ्याला आता काहीच येत नाय, हेही एकदा ते हसत म्हणाले. हसू फार टिकलं नाही.

सभा रविवारी सकाळी गच्चीवर भरली. चेअरमननी ठराव वाचला. दोन-तीन बायकांनी पार्सलांचं विचारलं, कुणी बाकाचं विचारलं. चेअरमनकडे प्रत्येकाला उत्तर होतं, आणि गाडीवाल्यांची संख्या जास्त होती. हात वर होणार, एवढ्यात शेवटच्या रांगेतून आप्पा उठले.

"माझा डाव चालू हाय," ते म्हणाले. "तो झाल्याबिगर तिथली एक वीटबी काढायची नाय."

गच्चीवर हशा पिकला. खरंच डाव चालू होता, आदल्या संध्याकाळी दोघांनी मांडला होता आणि थोड्याच खेळ्या होऊन राहिला होता. चेअरमन बापाला चारचौघांत नाही म्हणायला तयार नव्हते. डाव म्हणजे तासाभराचा कारभार, अशी त्यांची समजूत. मोठ्या मनाने त्यांनी ठरावात भर घातली, की चालू असलेला डाव संपल्यावर खोली पाडण्यात यावी. टाळ्या पडल्या. मग काका उठले. त्यांनी फक्त ठराव पुन्हा एकदा मोठ्याने वाचून दाखवायची विनंती केली.

खाली आल्यावर सरांनी त्यांचे हात धरले आणि विचारलं, ही योजना कधीपासून शिजत होती? काकांना प्रश्नच आवडला नाही. "योजना वगैरे मंत्रालयात करतात," ते म्हणाले, "मी सगळ्यांना बरी जागा बघून बसवलं होतं, पुढचं मला ठाऊक नव्हतं." मी आजवर बुद्धिबळावर जे काही वाचलं, त्यात याहून उपयोगी मला काही सापडलेलं नाही.

मग तो डाव सुरू झाला, म्हणजे सुरू राहिला. दिवसाला एक खेळी, फार तर दोन. उरलेल्या वेळात बाकीच्या पटांवर आम्ही खेळायचो आणि आप्पांचा पट एका उपड्या टोपलीखाली झाकलेला असायचा. डाव न संपवण्यात काकांचा हात धरणारं कुणी नव्हतंच. चेअरमन रोज सातला ऑफिसातून येताना दारात डोकवायचे आणि विचारायचे, "झाला का डाव?" सुरुवातीला हसून, मग दिवाळीच्या सुमाराला न हसता. पण शब्द दिला होता. बाजारात द्राक्षं आली तेव्हा ते दाराला टेकून पट बघत उभे राहू लागले, बॅग खांद्यावरच. आप्पा त्यांना ऐकू जाईल अशा बेताने आम्हाला घरं आणि बांध समजावून सांगायचे. रोज एकच खेळी करायची म्हटल्यावर माणूस बिचारा दिवसभर दुसरं काय करणार? विचार करायला शिकला होता.

अशाच एका संध्याकाळी काकांनी आपला हत्ती मागच्या रांगेतून काढून वहिवाटीवर पुढे नेला. सुंदर जागा होती, समोरची सगळी प्यादी त्याच्या धाकात. ते समाधानाने मागे टेकले. सरांनी माझा दंड इतक्या जोरात दाबला की मी पट नीट बघितला. काकांचा राजा स्वतःच्याच तीन प्याद्यांच्या आड कोपऱ्यात पडला होता, आणि मागची रांग राखायला आता कुणी नव्हतं. आप्पांनी हत्ती उचलून शेवटच्या रांगेत ठेवला की मात.

आणि आप्पांनी हत्ती उचलला.

तो हवेत असताना काकांना दिसलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला तिथे बघवेना. ते तोंडाने काही बोलले नाहीत, कारण समोरच्याचा मोहरा हातात असताना बोलायचं नसतं, हा त्यांचाच शिरस्ता. दारात चेअरमन उभे होते. त्यांनाही दिसलं असावं, ते दोन पावलं आत आले होते. आणि आप्पा हत्ती हातात धरून एकदा काकांच्या राजाकडे बघत होते, एकदा पोराकडे. कितीतरी महिने ज्याच्यासाठी ते तीन मजले उतरत होते ते एका बोटावर आलं होतं, आणि बघायला नेमका ज्याने असायला हवं तोच समोर होता. मला त्यांची भीती वाटली आणि तितकीच कीवही आली. मारू नका असं सांगायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नव्हता.

आप्पांचा हात शेवटच्या रांगेवर जाऊन थांबला. मग तो मागे आला. त्यांनी हत्ती आपल्याच रांगेत, होता त्याच्या शेजारच्या घरात अलगद ठेवला आणि पट नीट दिसावा म्हणून थोडे मागे सरकून बसले.

"आप्पा," चेअरमन म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "झाला का डाव?"

आप्पांनी पटावरची नजर काढली नाही.

"नाय रे," ते म्हणाले. "अजून लय खेळ बाकी हाय. बॅग ठेव खाली, अन् बस इथं."